बुडाले तर कोणाचे? बडोद्याची बहांधरी आणि व्याजाचा ख्रिस्ती विचार

1802 साल सरत आले तेव्हा बडोद्याच्या वेशी अरब शिबंदीच्या ताब्यात होत्या. गादीवर आनंदराव गायकवाड होते, पण त्यांची प्रकृती आणि मनःस्थिती राज्य चालवण्याजोगी नव्हती. दिवाण रावजी आप्पाजी यांचे आपल्याच शहरात अरबांपुढे काही चालत नव्हते. शिबंदीचा पगार कित्येक महिने थकला होता आणि थकबाकी हातात पडल्याशिवाय अरब हलायला तयार नव्हते. त्यांची दुसरी अट अधिक विचित्र होती. त्यांनी ज्यांना ज्यांना हमी दिली होती, त्या सगळ्यांची हमी शहर सोडण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी आपल्या अंगावर घ्यायला हवी होती.

या हमीला बडोद्यात बहांधरी म्हणत. सरकारला पैसा हवा असे आणि सावकाराकडे तो असे. मात्र सरकारच्या नुसत्या शब्दावर सावकाराचा भरवसा नसे. अशा वेळी अरब जमादार मध्ये उभा राही: सरकारने शब्द मोडला तर माझी माणसे आहेत. जमादाराची बंदूक हेच कर्जाचे तारण. नुसते सावकारच नव्हे, तर मुत्सद्दी, कैदेतून सुटलेले सरदार, तडजोडीला आलेले भाऊबंद, असे सगळेच अशा हमीच्या आसऱ्याला असत.

रावजी आप्पाजींनी मुंबईकर इंग्रजांना बोलावले. मेजर अलेक्झांडर वॉकर फौज घेऊन आला, आधी कडीच्या मल्हाररावाचे बंड मोडले, मग डिसेंबरात बडोद्याला वेढा पडला आणि थोड्याच दिवसांत अरब शरण आले. त्यांची थकबाकी भागवायला काही पैसा ईस्ट इंडिया कंपनीने दिला आणि बाकीचा शहरातल्या सावकारांकडून उभा केला. सावकारांनी तो दिला, कारण आता हमी कंपनीची होती. अरबांची बहांधरी जशीच्या तशी इंग्रजांकडे आली. फरक एवढाच की जमादाराच्या बंदुकीच्या जागी साऱ्या हिंदुस्थानात पसरत चाललेली एक सत्ता उभी राहिली.

बडोद्याच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा इंग्रजांच्या शिरकावाची पहिली पायरी म्हणून येतो, आणि ते खरेही आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कंपनी ज्या देशाची होती त्या देशाच्या धर्माने हजार-बाराशे वर्षे व्याजाविषयी जितका कसून विचार केला, तितका फार थोड्या धर्मांनी केला असेल. त्या देशाचे अधिकारी बडोद्यात सावकारीचे जामीनदार झाले, आणि आपल्या धर्माने याबद्दल काही सांगितले आहे हे त्यांच्यापैकी कोणाला आठवल्याचे दिसत नाही.

आधी ही सावकारी चाले कशी ते पाहू. गायकवाडांच्या राज्यात मुलखाचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. जास्त बोली बोलणारा इजारदार महाल घेई, पण त्याच्या बोलीवर सरकारचा विश्वास नसे. म्हणून त्याला मनोतीदार आणावा लागे. मनोतीदार म्हणजे एखादी पेढी, जी लिहून देई की ठरल्या हप्त्याला वसूल आला नाही तर आम्ही भरू. त्या लिहून देण्याचे मोल म्हणजे मनोती. दुसऱ्या टोकाला सरकारचा पोतदार असे. सरकारच्या खजिन्यात रोकड अशी फारशी नसेच. खजिना म्हणजे पोतदाराच्या पेढीवरचे खाते. शिबंदीचा पगार, देवस्थानाची नेमणूक, लग्नाचा खर्च, सगळे तिथून उचलायचे आणि वसूल आला की तिथे जमा करायचा. उचल दिल्या दिवसापासून व्याज चालू होई. बडोद्याचा बाबाशाही रुपया आणि मुंबईचा रुपया यांतला बट्टा वेगळा.

समजा एका महालाचा इजारा एक लाखाचा आहे. सरकारला पैसा भाद्रपदात हवा आणि पीक हाती यायला अजून महिने आहेत. पोतदार एक लाख देतो आणि व्याज लावतो. इजारदाराचा हप्ता येण्याआधी मनोतीदार भरणा करतो आणि इजारदारावर व्याज आणि मनोती दोन्ही लावतो. पुष्कळदा पोतदार आणि मनोतीदार एकाच घरचे, म्हणजे पैसा एका चोपड्यातून दुसऱ्या चोपड्यात गेला आणि जाताना दोनदा वाढला. इजारदार हे सगळे स्वतःच्या खिशातून थोडेच देणार? तो गावच्या पाटलाकडे येतो, पाटील कुणब्याकडे आणि कुणबी गावच्या वाण्याकडे. लाखाच्या वर चढलेली प्रत्येक कवडी शेवटी उभ्या पिकातून निघते.

हरिभक्ती, मैराळ या पेढ्यांची नावे बडोद्यात आजही माहीत आहेत. त्यांना खलनायक करण्याचे कारण नाही. या घराण्यांनी राज्य अक्षरशः चालवले. त्यांच्या हुंड्यांशिवाय एक पलटण हलली नसती. शिवाय इथल्या धर्मशास्त्रालाही व्याजाची मर्यादा ठाऊक होती. दामदुपटीचा नियम हाच की साचलेले व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. राजा कर्ज बुडवतो हा अनुभव सावकाराच्या गाठीला पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, आणि चढे व्याज ही त्या भीतीची किंमत होती. पण कंपनीची बहांधरी आली आणि ती भीतीच गेली. मग व्याज कशाचे, हा प्रश्न उरतो.

नेमका हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्राने विचारला होता. मोशेच्या नियमशास्त्रात आपल्या भावाकडून व्याज घेऊ नये अशी आज्ञा आहे, गहाण घेतलेला पांघरायचा कपडा सूर्यास्तापूर्वी परत करावा अशीही आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू परतफेडीची आशा न धरता उसने द्यायला सांगतो. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिलने सावकारीवर प्रवचन केले. मिलानच्या अँब्रोजने त्यावर पुस्तकच लिहिले. 325 साली नायसियाच्या परिषदेने धर्मगुरूंना व्याज घ्यायला बंदी केली. 1179 साली लॅटरनच्या तिसऱ्या परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनही नाकारले. दान्तेने त्यांना नरकाच्या सातव्या वर्तुळात, जळत्या वाळूवर, गळ्यात आपापल्या थैल्या अडकवून बसवले.

एवढ्यावरून हा सारा पैशाविषयीचा साधुसंन्याशांचा तिटकारा वाटेल. तसा तो नव्हता. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनासने जो भेद केला आहे तो व्यवहार पुरता जाणणाऱ्या माणसाचा आहे. एखाद्याने व्यापाऱ्याला भागीदारीत पैसे दिले, तर ते पैसे देणाऱ्याचेच राहतात, जहाज बुडाले तर त्याचेही बुडतात. म्हणून नफ्यातला वाटा मागण्याचा त्याला हक्क आहे. कर्ज म्हणून दिलेल्या पैशाची मालकी मात्र घेणाऱ्याकडे जाते, आणि बुडण्याची जोखीमही त्याच्याकडेच जाते. जोखीम सोडून दिली आणि वर नफाही मागितला, तर ते अक्विनासच्या लेखी अन्यायाचे. दर शेकडा एक की शेकडा पंचवीस हा त्याच्या दृष्टीने पुढचा प्रश्न होता. आधी सांगा, बुडाले तर कोणाचे?

ही कसोटी बडोद्याला लावून पाहिली की अंगावर काटा येतो. अरब जमादाराच्या हमीत निदान थोडी धाकधूक होती. जमादार मरेल, फिरेल, दुसऱ्याला मिळेल. कंपनीच्या हमीत तेही नव्हते. सावकाराचा पैसा बुडणे अशक्य, आणि तरीही त्याचे व्याज चालू. दोष होता तो हमी देणाऱ्याकडे. त्याने एका बाजूची सगळी जोखीम उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि ती दुसरी बाजू म्हणजे ज्याला कोणी विचारलेच नव्हते तो पेटलाद-सिनोरचा शेतकरी.

वॉकर दुष्ट माणूस नव्हता. काठियावाडातली मुलींची हत्या थांबावी म्हणून त्याने मनापासून खटपट केली आणि जाडेजा दरबारांकडून तसे लिहून घेतले. बडोद्याचा खर्च कमी करण्याचा त्याचा प्रयत्नही खरा होता. त्याच्यानंतर कंपनीचा रेसिडेंट म्हणून कार्नॅक आला, गंगाधरशास्त्री पटवर्धनांनी कारभार हाती घेऊन खर्चाला कात्री लावली. पण 1815च्या जुलैत पंढरपुरात शास्त्र्यांचा खून झाला. 1818मध्ये आनंदरावांच्या नावाने कारभार पाहणारे त्यांचे भाऊ फत्तेसिंगराव आणि पुढल्या वर्षी खुद्द आनंदराव वारले. 1820मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन बडोद्याला आला तेव्हा कर्जाचा आकडा एक कोटीच्या वर निघाला. जे कर्ज फिटावे म्हणून हमी दिली, ते अठरा वर्षे हमीच्या सावलीत उभेच होते. एल्फिन्स्टनने गादीवर आलेल्या दुसऱ्या सयाजीरावांना राज्यकारभार सोपवला. घातलेल्या अटींपैकी एक अशी: इंग्रजांनी हमी दिलेल्या सावकारांशी झालेले करार पाळायचे.

मार्च 1825मध्ये बडोद्याच्या छावणीत एक पाहुणा आला. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर सारा उत्तर हिंदुस्थान पालथा घालून मुंबईकडे चालला होता. सयाजीरावांनी त्याचे थाटाने स्वागत केले, दरबार झाला, रेसिडेंट विल्यम्सने सरबराई केली. छावणीतल्या नव्या लहानशा चर्चचे हेबरने विधिपूर्वक अर्पण केले. हेबर कवी होता, त्याने रचलेली भक्तिगीते इंग्रजी चर्चमध्ये आजही गातात. माणूस मायाळू, आणि डोळे उघडे ठेवून फिरणारा. त्याच छावणीच्या कारभारात, विल्यम्सच्या दफ्तरात, हरिभक्तींपासून सगळ्या पेढ्यांच्या हमीचे कागद होते. त्या आठवड्यात चर्चमध्ये बसलेल्या इंग्रजांना आपल्या हातून चाललेल्या व्यवहाराचा आणि समोरच्या वेदीचा काही संबंध आहे, असे वाटायला काहीच कारण उरले नव्हते. त्यांच्या देशात हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला होता.

तो निघाला कसा, हे थोडक्यात सांगायला हवे. 1545 साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने शेकडा दहापर्यंत व्याजाला मुभा दिली. त्याच सुमारास जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने एका पत्रात लिहिले की व्याज सरसकट पाप नाही, पण गरिबाकडून घेऊ नये आणि व्याजाचाच धंदा करू नये. पुढच्या पिढ्यांनी परवानगी लक्षात ठेवली आणि अटी विसरल्या. इंग्लंडातली मर्यादा उतरत उतरत अठराव्या शतकाच्या आरंभी शेकडा पाचांवर आली. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश प्रजाजनांना मात्र 1773च्या कायद्याने शेकडा बारांपर्यंत मोकळीक होती. 1787 साली जेरेमी बेंथमने व्याजाच्या बाजूने पुस्तक लिहून उरलीसुरली लाजही घालवली. चर्चने या साऱ्याला विरोध करणे सोडले त्याला तोवर शतक उलटले होते. आर. एच. टॉनी या इतिहासकाराने 1926 साली हीच कहाणी सांगितली: धर्माचा बाजारावरचा अधिकार कोणी हिसकावून घेतला नाही, धर्मानेच तो हळूहळू सोडला. हा टॉनी कलकत्त्यात जन्मलेला. त्याचे वडील चार्ल्स टॉनी यांनी कथासरित्सागर इंग्रजीत आणले.

तरी सगळेच गप्प नव्हते. हेबर बडोद्यात होता त्याच दशकात आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला जेरेमाया ओकॅलहन हा कॅथलिक पाद्री व्याज घेणाऱ्यांना पापक्षमा द्यायला तयार नव्हता. त्याच्या बिशपने त्याला सेवेतून दूर केले. त्याने पुस्तक लिहिले, अमेरिका गाठली, दाद मागत राहिला. 1830मध्ये रोमहून उत्तर निघाले ते दुसऱ्याच एका बिशपच्या प्रश्नाला: कायद्याने ठरलेले व्याज घेणाऱ्यांना पापनिवेदनाच्या वेळी त्रास देऊ नये. पंधराशे वर्षांच्या वादावर असा हलकेच पडदा पडला. ओकॅलहन हट्टी आणि एककल्ली होता हे मान्य केले तरी मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. व्याजाने नाडलेली माणसे त्याने प्रत्यक्ष पाहिली होती.

रोमहून हे उत्तर निघत होते तेव्हा बडोद्याचे प्रकरण अगदी टोकाला गेले होते. विल्यम्स आणि विठ्ठलराव दिवाणजी यांनी महाल सात-सात वर्षांच्या इजाऱ्याने देण्याचा घाट घातला, म्हणजे कर्जफेडीचा हप्ता निश्चित होईल. सयाजीराव बिथरले. इजारे आपल्या शत्रूंच्या माणसांना जाताहेत, आपण नावापुरते राजे राहणार, हे त्यांना दिसत होते. इंग्रजांचे म्हणणे की महाराज खासगी खजिना भरताहेत आणि सार्वजनिक कर्ज तसेच ठेवताहेत. तेही खोटे नव्हते. 1828मध्ये नवा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बहांधरीचा अर्थ शेवटापर्यंत नेला. सावकारांचे पैसे फिटेपर्यंत त्याने गायकवाडांचे महाल जप्त केले. जामीनदाराने ऋणकोच्या घरावरच टाच आणली. जप्त मुलखाचा कारभार विठ्ठलरावांच्या हाती गेला. 1830मध्ये माल्कमने बडोद्याची रेसिडेन्सीच मोडून कारभार अहमदाबादेला नेला.

चार वर्षे हे चालले आणि कर्ज फिटले नाही. 1832मध्ये लॉर्ड क्लेअर हा गव्हर्नर बडोद्याला आला. सयाजीरावांनी त्याच्यापुढे सरळ तोडगा ठेवला: सावकारांशी आमचे आम्ही मिटवतो. क्लेअरने सावकारांना विचारले आणि सावकार कबूल झाले. महाराजांनी आपल्या खासगी खजिन्यातून पैसा काढला, पेढ्यांचे हिशेब चुकते झाले किंवा नव्याने ठरले, कर्जांवरची इंग्रजांची हमी उठली, महाल परत मिळाले.

तीस वर्षे ज्यांच्या हितासाठी एवढा खटाटोप केला, त्या सावकारांनीच हमी सोडून दिली. त्यांनी असे का केले याचे उत्तर इंग्रजी दफ्तरांपेक्षा बडोद्याच्या पोळांत, म्हणजे गल्लीबोळांत, शोधायला हवे. सावकाराला उद्याही याच शहरात राहायचे होते, याच दरबारात मानाचे वस्त्र घ्यायचे होते, मुलाच्या लग्नाला सरकारस्वारी यायला हवी होती. परक्याच्या हमीने मुद्दल सुरक्षित राहिले, पण धन्याशी संबंध तुटला. आणि पेढी संबंधावर चालते. जोखीम पुन्हा अंगावर घेऊन त्यांनी आपला धंदा परत मिळवला. अक्विनासचे नाव त्यांच्यापैकी कोणी ऐकलेले नव्हते.

रयतेला यातून काही मिळाले असे मात्र नाही. मनोती चालूच राहिली. सयाजीरावांनी गणेश ईश्वर या नावाने स्वतःचीच पेढी काढली आणि राजाच आपल्या राज्याचा सावकार झाला. व्यक्तींना दिलेल्या बहांधरीचे दोरेही लोंबकळत राहिले. त्यांच्याभोवती मुंबईपर्यंत लाचलुचपतीचे जे जाळे विणले गेले, त्याला खटपट म्हणत. त्यावर रेसिडेंट औट्रमने 1851 साली खटपटीचा अहवाल लिहिला आणि त्यापायी स्वतःची जागा गमावली. इंग्लंडने 1854 साली व्याजावरची मर्यादा काढून टाकली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातही ती गेली. वीस वर्षांनी, मे 1875मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते जाळली. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि सर टी. माधवराव दिवाण म्हणून बडोद्यात आले. इजारे आणि मनोती मोडून सरकारी तिजोऱ्या त्यांनी उघडल्या. कागदावर ही सुधारणा कोरडी दिसते. माझ्या मते बडोद्याच्या शेतकऱ्यासाठी एकोणिसाव्या शतकातली ही सर्वांत मोठी घटना होती.

तोवर युरोपात जुन्या ख्रिस्ती प्रश्नाला एका वेगळ्याच माणसाने हात घातला होता. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा ऱ्हाईनकाठच्या खेड्यांचा नगराध्यक्ष, श्रद्धाळू प्रोटेस्टंट. 1846-47च्या दुष्काळी हिवाळ्यात त्याने गावच्या सधनांकडून पैसा जमवून गरिबांना उधारीवर पाव पुरवला. 1864 साली हेडेसडोर्फला त्याने पतसंस्था काढली. तिची घडण अशी की सभासद एकमेकांना ओळखणारे, एकाच पंचक्रोशीतले, कर्ज सभासदालाच, आणि एकाचे बुडाले तर सगळ्यांचे बुडाले, अमर्यादित जबाबदारी. इथे व्याज होते, पण जोखीम खाली ढकलायला कोणी खाली नव्हताच. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सनने 1890च्या दशकात शेतकी बँकांवर जो अहवाल लिहिला, त्याचा निष्कर्षच हा की रायफायझनसारखा माणूस शोधा. 1904च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यामागे हा विचार होता. मद्रासकडे के. टी. पॉल या भारतीय ख्रिस्ती कार्यकर्त्याने वायएमसीएच्या मार्फत खेडोपाडी पतसंस्था उभ्या केल्या. कर्जबाजारी ख्रिस्ती शेतमजुराला उपदेशाआधी पत हवी, हे त्याने ओळखले होते.

बडोद्याने मात्र ना निकल्सनची वाट पाहिली ना कायद्याची. 5 फेब्रुवारी 1889 रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी शहरातल्या महाराष्ट्रीय मध्यमवर्गीय मंडळींना घेऊन अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. हिंदुस्थानातली ही पहिली सहकारी पतसंस्था. पगारदार माणसाने अडीनडीला पेढीवर जाऊन दागिना गहाण टाकण्याऐवजी आपल्यासारख्याच चार जणांकडे जावे, एवढीच साधी मूळ कल्पना. तिसऱ्या सयाजीरावांच्या राज्यात ती वाढली. 20 जुलै 1908 रोजी त्यांनी बँक ऑफ बडोदा काढली. शहराच्या मांडवी भागातल्या पेढ्यांचे दिवस त्यानंतर हळूहळू भरत आले.

अन्योन्य शंभरीच्या पलीकडे गेली, सहकारी बँक झाली, आणि 2007 साली अडचणीत सापडली. रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर बंधने घातली, पुढल्या वर्षी परवाना रद्द केला. ठेवींना विम्याची हमी होती ती त्या वेळच्या नियमाप्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत. त्याहून जास्त रक्कम ठेवलेल्यांना वरच्या पैशासाठी बँकेच्या विसर्जनातून काय हाती येते त्याची वाट पाहावी लागली. ही मर्यादा पाच लाखांवर गेली ती 2020 साली.